कॅसलमन नदीवरची कमान

अमेरिकेच्या मेरिलंड राज्यात, ॲलेगेनी डोंगरांच्या भागात, ग्रँट्सव्हिल नावाचे एक लहान गाव आहे. गावाजवळून कॅसलमन नदी वाहते. नदी म्हणायचे एवढेच. आपल्याकडे कोकणात तिला कुणी मोठा ओढाही म्हणेल. या नदीवर १८१३ साली एक दगडी पूल बांधायला घेतला. एकच कमान, आणि तिचा गाळा ८० फुटांचा, म्हणजे सुमारे साडेचोवीस मीटर. त्या वेळी अमेरिकेत एका गाळ्याची एवढी मोठी दगडी कमान दुसरी नव्हती.

कमान बांधून होईपर्यंत तिचे सगळे दगड एका लाकडी साच्यावर टेकलेले असतात. आपले गवंडी त्याला सेंटरिंग म्हणतात. हा साचा काढला की पूल कोसळणार अशी पंचक्रोशीतल्या लोकांची खात्री होती, आणि ती गंमत पाहायला बरीच मंडळी नदीकाठी जमली होती, असे तिकडे सांगतात. कामाचा प्रमुख डेव्हिड श्रायव्हर याने म्हणे आदल्या रात्रीच गुपचूप टेकू काढून पाहिले होते. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे, तेव्हा तिला थोडे तिखटमीठ लागले असणारच. पण एवढे खरे की साचा निघाला आणि पूल उभा राहिला. १९३३ पर्यंत, म्हणजे तब्बल १२० वर्षे, त्यावरून वाहतूक चालू होती. आधी घोड्यांच्या अवजड मालगाड्या आणि गुरांचे कळप, शेवटी शेवटी मोटारी आणि मालट्रक. १९५०च्या दशकात त्याची डागडुजी झाली. आजही तो उभा आहे आणि त्यावरून माणसांना चालत जाता येते.

ही हकीकत आम्ही एकदा आठवीच्या वर्गात सांगितली आणि विचारले, "साचा काढल्यावर दगडांना कुणी धरून ठेवले?" जवळजवळ सगळ्या वर्गाचे उत्तर एकच होते: "सिमेंटने!" १८१३ साली आजचे सिमेंट नव्हते असे सांगितल्यावर उत्तर बदलले: "मग चुन्याने." हे उत्तरही बरोबर नाही. ते का बरोबर नाही, हे कळले की दगडी पूल उभे कसे राहतात ते तर कळतेच, पण ते पडतात कशाने तेही कळते. आणि ही दुसरी गोष्ट आपल्यालाही जाणून घ्यायला हवी. दगडी कमानींचे जुने पूल आणि मोऱ्या आपल्या राज्यातही आहेत, आणि त्यांच्यावरून रोज एस. टी. जाते.

टोलचा रस्ता

पुलाआधी रस्त्याविषयी थोडेसे. अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हा तिची वस्ती मुख्यतः पूर्व किनाऱ्याला होती. डोंगरापलीकडे ओहायो नदीचे सुपीक खोरे होते, पण तिथे माल न्यायला धड वाट नव्हती. १८०६ साली अध्यक्ष जेफरसन यांनी एका कायद्यावर सही केली आणि केंद्र सरकारच्या पैशाने डोंगर ओलांडणारा रस्ता बांधायचे ठरले. तो 'नॅशनल रोड' या नावाने ओळखला जातो. १८११ मध्ये कंबरलंड या गावापासून काम सुरू झाले आणि १८१८ मध्ये रस्ता ओहायो नदीकाठच्या व्हीलिंगला पोचला. कॅसलमनवरचा पूल याच वाटेवर आहे.

रस्ता बांधला, पण दुरुस्तीचा पैसा कुठून आणायचा? नाके बसवून टोल घ्यावा असे विधेयक अमेरिकन काँग्रेसने मंजूर केले. अध्यक्ष मन्रो यांनी ते १८२२ साली परत पाठवले. केंद्र सरकारला असा टोल वसूल करण्याचा अधिकार घटनेत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी १८३०च्या दशकात रस्ता दुरुस्त करून ज्या त्या राज्याच्या ताब्यात दिला गेला आणि राज्यांनी त्यावर टोलनाके बसवले. अशा रस्त्याला तिकडे 'टर्नपाइक' म्हणत. वाटेवर आडवा दांडा असे आणि पैसे दिल्यावर तो फिरवून वाट मोकळी करत, त्यावरून हे नाव पडले. कंबरलंडजवळ ला व्हेल येथे त्या काळचे एक नाकेघर अजून जपून ठेवलेले आहे.

या नाक्यांवरचे दर भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने वाचावेत असे होते. मेंढ्यांपेक्षा गुरांना टोल जास्त होता. गाडीचा दर तिच्या चाकाच्या रुंदीवर ठरे. अरुंद चाकाला जास्त टोल, रुंद चाकाला कमी, आणि फार रुंद चाकाला टोल माफ! दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र इथे दरपत्रकात उतरलेले दिसते. तेवढेच ओझे दुप्पट रुंद चाकावर टाकले की रस्त्यावरचा दाब निम्मा होतो. अरुंद चाक खडीत रुतून चाकोरी पाडते, तर रुंद चाक रोलरसारखे रस्ता दाबून काढते. आज आपल्या टोलनाक्यावर जड वाहनाचे आस मोजले जातात, त्यामागचा विचारही याच्याच जवळचा आहे.

आता पुलाकडे वळू.

साखळी उलटी केली तर

दगडाची एक खोड आहे. त्याला दाबले तर तो प्रचंड दाब सोसतो, पण ताणले तर चटकन तुटतो. म्हणून दगडाची सरळ लांब तुळई टाकता येत नाही. तुळईवर ओझे आले की ती किंचित वाकते, तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. त्या खालच्या बाजूने दगड तडकतो. आपल्या जुन्या देवळांत खांब इतके जवळजवळ का असतात, याचे हे एक कारण आहे.

मग दगडाने लांब अंतर कसे ओलांडायचे? अशी रचना करायची की कुठल्याही दगडावर ताण येऊच नये, सगळीकडे फक्त दाब यावा. याचे उत्तर इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूकने १६७५च्या सुमारास दिले. स्प्रिंगच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेला हाच तो हूक. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याने ते अक्षरांच्या कोड्यात लपवून छापले. कोड्याची उकल तो वारल्यानंतर १७०५ साली प्रसिद्ध झाली. तिचा भावार्थ असा: लवचीक साखळी जशी लोंबते, तिच्याच उलट आकारात ताठ कमान उभी राहील.

हे वर्गात करून दाखवायला पाच मिनिटे लागतात. एक बारीक साखळी घ्या. दोन खिळ्यांवर तिची टोके अडकवून ती फळ्यासमोर लोंबू द्या आणि खडूने तिचा माग काढा. लोंबत्या साखळीच्या प्रत्येक कडीत फक्त ताण असतो. साखळीला वाकण्याला विरोध करता येत नाही, त्यामुळे ताण वाहून नेता येईल असाच आकार ती घेते. आता ही आकृती उलटी केली असे समजा. बलांची दिशा उलटली, म्हणजे जिथे ताण होता तिथे दाब आला. आकार तोच राहिला. या रेषेला आपण 'रेट्याची रेषा' म्हणू. आता साखळीच्या दोन्ही कडांना थोडे जास्त वजन अडकवून पाहा. आकार बदलतो. पुलाचेही तसेच असते. पुलावरचा रस्ता जवळजवळ सपाट ठेवण्यासाठी कमानीच्या दोन्ही बाजूंना खांद्यांवर माती-दगडांचा जाड भराव घालावा लागतो. माथ्यावर मात्र तो पातळ असतो. तेव्हा पुलाची रेट्याची रेषा ही अशा वजने लावलेल्या साखळीची उलटी रेषा असते.

कमान उभी राहण्याची अट एवढीच, की ही रेषा दगडांच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे. ती रेषा आत असली की प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि स्वतःही दाबला जातो, कुणालाच खाली निसटायला जागा राहत नाही. म्हणजे दगडांना धरून ठेवते ते त्यांचेच वजन. जे ओझे कमानीला पाडू पाहते, तेच तिला घट्ट करते.

मग चुन्याचे काम काय? आमच्या वर्गातल्या मुलांनी मातीचे पाचरीसारखे नऊ तुकडे करून वाळवले आणि वाकवलेल्या पुठ्ठ्याच्या साच्यावर मांडले. दोन बाजूंना दोन विटा ठेवल्या. माती वाळताना आकसते, तुकडे एकसारखे निघाले नाहीत, आणि पुठ्ठा काढताच कमान कोसळली. दुसऱ्या वेळी एका मुलीने फटींत ओली वाळू दाबून भरली. या खेपेला कमान उभी राहिली. वाळू काही चिकटवत नाही. तिने फटी भरल्या आणि दाब एका टोकदार कोपऱ्यावर न येता सगळ्या पृष्ठभागावर पसरला. चुन्याचे मुख्य काम हेच आहे. तो गोंद नाही, ती गादी आहे.

पुलाचा साचाही झटक्यात काढत नाहीत. त्याच्या खाली पाचरी मारलेल्या असतात, त्या थोड्या थोड्या सैल करत नेतात. साचा उतरू लागला की कमान किंचित खाली बसते, सांधे आवळले जातात, आणि मग ती स्वतःचे ओझे स्वतः घेते. नदीकाठी जमलेल्या मंडळींना हेच ठाऊक नव्हते. त्यांना वाटत होते की टेकू काढणे म्हणजे आधार काढणे.

वेल्समधला गवंडी

पण सगळ्या कमानी पहिल्याच वेळी उभ्या राहिल्या असे नाही, आणि शिकायला फसलेली कमान जास्त उपयोगी पडते. कॅसलमनच्या आधी साठएक वर्षे, वेल्समधल्या पाँटीप्रिद येथे टॅफ नदीवर विल्यम एडवर्ड्स नावाच्या गवंड्याने पूल बांधायचे काम १७४६ साली घेतले. त्याचे पहिले बांधकाम पुराने नेले. मग त्याने नदीत पायच नको म्हणून एकच मोठी कमान बांधायचे ठरवले. गाळा १४० फुटांचा! पण काम पूर्ण होत आले असता एक चमत्कारिक गोष्ट घडली. कमान माथ्यावर खाली पडण्याऐवजी वर उचलली गेली आणि फुटली.

असे का झाले? साखळीचा प्रयोग आठवा. दोन्ही खांद्यांवर भरावाचे ओझे फार आणि माथ्यावर फार कमी, अशी स्थिती झाली होती. खांदे आत-खाली दबले आणि त्यांनी पातळ माथा वर ढकलला. फुग्याच्या दोन बाजू दाबल्यावर मधला भाग जसा वर येतो तसे. एडवर्ड्सकडे गणित नव्हते, पण नजर होती. पुढच्या वेळी त्याने खांद्यांच्या भरावात आरपार गोल भोके ठेवली, प्रत्येक बाजूला तीन, कमानीच्या पायाकडून माथ्याकडे लहान लहान होत जाणारी. खांद्यांचे वजन कमी झाले, रेट्याची रेषा कमानीच्या जाडीत आली, आणि १७५६ साली पूर्ण झालेला तो पूल आजही उभा आहे. भोकांमुळे दिसायलाही तो सुरेख झाला आहे. पण चढ इतका उभा की लादलेल्या गाड्यांचे हाल व्हायचे. शेवटी १८५७ मध्ये त्याला खेटून दुसरा पूल बांधावा लागला. उभा राहणारा पूल आणि वापरायला सोयीचा पूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत!

थोडे गणित

आता ओझ्याचा हिशेब करून पाहू. कॅसलमनची नेमकी मापे न घेता त्याच्या जवळपासची एक कमान कल्पू. गाळा २४ मीटर, उंची ८ मीटर. पुलाची एक मीटर रुंदीची पट्टी घेऊ. दगड आणि भराव मिळून सरासरी जाडी ३ मीटर धरली आणि एका घनमीटरचे वजन २ टन धरले, तर प्रत्येक मीटर लांबीला ६ टन ओझे येते. वजन सगळीकडे सारखे आहे असे मानले, तर माथ्यावरचा आडवा रेटा काढायचे सूत्र सोपे आहे: मीटरमागचे ओझे गुणिले गाळ्याचा वर्ग, भागिले उंचीची आठ पट. म्हणजे ६ × ५७६ ÷ ६४ = ५४ टन.

हा रेटा ७५ सेंटिमीटर जाडीच्या दगडावर येतो असे धरू. क्षेत्रफळ १०० × ७५ = ७५०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला दाब येतो ५४,००० ÷ ७५०० = ७.२ किलो. आणि बऱ्यापैकी वालुकाश्म चिरडायला दर चौरस सेंटिमीटरला काही शे किलो दाब लागतो! म्हणजे दगड आपल्या ताकदीचा अगदी थोडा अंश वापरतो आहे.

आणि वरून जाणारा ट्रक? आपल्या कल्पित पुलाची रुंदी ६ मीटर धरली तर गाळ्यावरचे एकूण वजन ६ × २४ × ६ = ८६४ टन. त्यावर १० टनांचा ट्रक आला म्हणजे ओझ्यात सव्वा टक्क्यासुद्धा भर पडत नाही. घोडागाड्यांसाठी बांधलेला पूल ट्रक कसा पेलतो, याचे नवल वाटायचे कारण उरत नाही. केंब्रिजचे प्राध्यापक जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये हा मुद्दा फार स्पष्टपणे मांडला. दगडी कमानीत प्रश्न ताकदीचा जवळजवळ नसतोच, तो आकाराचा असतो. आकार टिकला तर कमान टिकली.

आता प्रयोगातली एक वीट हलकेच बाहेर सरकवा, अर्धा सेंटिमीटर पुरे. कमान थोडी खाली बसेल. माथ्यावरच्या सांध्याची फट खालच्या बाजूने उघडेल, आणि पायांजवळच्या सांध्यांची वरच्या बाजूने. तीन ठिकाणी जणू बिजागऱ्या तयार झाल्या. तरीही कमान पडत नाही. तीन बिजागऱ्यांची कमान पक्की असते. चौथी बिजागरी झाली की मात्र ती दुमडते आणि कोसळते. म्हणून जुन्या कमानीला तडा दिसला की लगेच घाबरायचे कारण नाही. पण तो तडा एक निरोप असतो: खाली कुठेतरी पाय सरकला आहे, जाऊन पाहा.

पाय आणि पाणी

पाय सरकतो कशाने? बहुतेक वेळा पाण्याने. नदीच्या पात्रात खांब उभे केले की पाण्याची वाट अरुंद होते. तेवढेच पाणी कमी जागेतून जायचे म्हणजे त्याला वेग घ्यावा लागतो. शिवाय खांबाला आपटून पाणी खाली वळते आणि बुडाशी भोवरे करते. हे भोवरे पायाखालची वाळू-गोटे उपसून नेतात. वेगाचा परिणाम किती असतो पाहा: वाहत्या पाण्याला जेवढ्या वजनाचा गोटा ढकलता येतो, ते वजन ढोबळमानाने वेगाच्या सहाव्या घातात वाढते. वेग दुप्पट झाला तर ६४ पट वजनाचा गोटा हलतो. एरवी गुडघाभर वाहणारी नदी पुरात काय करू शकेल याची कल्पना यावरून येईल.

यातली सगळ्यांत फसवी गोष्ट अशी, की पूर ओसरताना पाण्याचा वेग कमी होतो आणि उकरलेला खड्डा नव्या गाळाने पुन्हा भरून जातो. दिवाळीत कुणी पाहायला गेले तर नदीचा तळ जागच्या जागी दिसतो. पण पायाखाली पूर्वी घट्ट बसलेले गोटे होते, तिथे आता भुसभुशीत वाळू असते. पुढचा मोठा पूर ती क्षणात उचलतो.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. मुंबई-गोवा महामार्गावरच्या दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली, आणि त्यांतली माणसे परत आली नाहीत. त्या रात्री पुलावर काही नेहमीपेक्षा मोठे ओझे नव्हते. मोठे होते ते पाणी. तेव्हापासून पुलाच्या वयाची चर्चा पुष्कळ झाली. आमच्या मते एकटे वय फारसे काही सांगत नाही. पाँटीप्रिदचा पूल अडीचशे वर्षे ओलांडून उभा आहे. विचारायचा प्रश्न असा, की शेवटच्या पुरानंतर पाण्याखालचे पाय कुणी, केव्हा आणि कसे पाहिले?

कॅसलमनच्या पुलाचे नशीब इथे लक्षात येते. ८० फुटांचा गाळा एकाच कमानीने ओलांडल्यामुळे त्याचा एकही पाय नदीत नाही. दोन्ही टोके काठावर आहेत. श्रायव्हरने एवढी उंच आणि मोठी कमान का बांधली, याचे एक कारण असे सांगतात की पुढेमागे या नदीवाटे कालवा येईल आणि पुलाखालून नावा जातील अशी आशा होती. कालवा १८५० मध्ये कंबरलंडपर्यंत आला आणि तिथेच थांबला. एकही नाव पुलाखालून गेली नाही. पण नावांसाठी ठेवलेल्या त्या मोकळ्या जागेतून दोनशे वर्षांचे पूर मात्र बिनबोभाट गेले.

त्याच जुन्या वाटेवर पूर्वेला, हेगर्सटाउनजवळ, १८१९ साली पुरा झालेला पाच कमानींचा विल्सन पूल आहे. त्याचे पाय पात्रात आहेत. १९७२च्या जून महिन्यात 'ॲग्नेस' वादळाने आणलेल्या पुरात त्याची एवढी हानी झाली की तो वाहतुकीला बंद करावा लागला. पुढे त्याची दुरुस्ती केली गेली.

दुरुस्ती कशी करावी, कशी करू नये

पाणी पुलाला वरूनही छळते. रस्त्यावर पडलेला पाऊस भरावात मुरतो. तो बाहेर पडायला वाट नसेल तर भिजलेला भराव फुगतो आणि बाजूच्या भिंती बाहेर ढकलतो. जुन्या पुलांच्या भिंतींवर कधीकधी लोखंडी चकत्या दिसतात. शोभेच्या नव्हेत त्या. आतून आरपार गज घालून दोन्ही भिंती एकमेकींना बांधलेल्या असतात, त्या गजांची ती टोके. थंड प्रदेशात याहून वाईट होते. दगडाच्या फटीतले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते आणि दगडाचे कपचे काढते. आपल्याकडे हे काम पिंपळाचे रोप करते. कठड्याच्या फटीत टीचभर दिसणाऱ्या पिंपळाची मुळे आत किती खोल गेली असतील ते सांगता येत नाही. तो नुसता छाटला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतो.

म्हणून चांगली दुरुस्ती पावसाचे पाणी कुठे जाते हे पाहून सुरू होते. बुजलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या, पायाभोवती मोठे धोंडे टाकून तळ राखायचा, निसटलेले दगड परत बसवायचे आणि दरजा चुन्याने भरायच्या. सिमेंटने नव्हे. इथे पुष्कळांना आश्चर्य वाटते. सिमेंट तर अधिक मजबूत! अडचण नेमकी तीच आहे. घट्ट सिमेंटच्या दरजेतून आतली ओल बाहेर येऊ शकत नाही, मग ती मऊ दगडातून वाट काढते. दगडाचे तोंड झिजत जाते आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे आलेली उरते. जुन्या वाड्यांच्या 'नव्याने दुरुस्त' केलेल्या भिंतींवर हे दृश्य पाहायला मिळते.

चुन्याची रसायनशास्त्रातली फेरी मुलांना सांगण्यासारखी आहे. चुनखडी भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो फसफसून तापतो आणि विरलेला चुना होतो. भिंतीत बसल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते. पूल थोडा बसला, केसाएवढी चीर पडली, तर पाण्यात विरघळलेला थोडा चुना त्या चिरेत जाऊन पुन्हा घट्ट होतो. दगडापेक्षा मऊ असल्याने झीज तो स्वतःवर घेतो. शंभर वर्षांनी दरज बदलता येते, पण दगड बदलणे अवघड.

शाळेजवळ जुना दगडी पूल किंवा मोरी असेल तर पावसाळा संपल्यावर, पाणी उतरले की, मुलांना घेऊन काठावरून पाहता येईल. पात्रात उतरवू नका. कमानीच्या माथ्याखाली फट आहे का, भिंतीला फुगवटा आहे का, पाणी जायची भोके उघडी आहेत का, पिंपळ कुठे उगवला आहे, पायाच्या बुडाशी गोटे आहेत की वाळू, हे वहीत चित्र काढून नोंदवावे आणि पुढच्या वर्षी त्याच जागी उभे राहून पुन्हा चित्र काढावे. एका वर्षाच्या चित्रावरून काही कळत नाही. दोन वर्षांची शेजारी ठेवली की कळते. फुगवटा वाढला किंवा फट रुंदावली असे दिसले, तर ती दोन्ही चित्रे तारखांसह बांधकाम खात्याकडे पाठवावीत.

ग्रँट्सव्हिलला आज उभे राहिले तर थोड्या थोड्या अंतरावर तीन पिढ्यांचे पूल दिसतात: १८१३चा दगडी, १९३३चा पोलादी, आणि त्याहून नवा द्रुतगती मार्गाचा. मालट्रक तिसऱ्यावरून जातात. पहिल्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच्या कठड्याशी उभे राहून लोक खाली नदी पाहतात.